बंगल्यामागं पोहण्याचा टँक: महापालिकेची परवानगी नेमकी कुठं अडते

प्रश्न असा आहे: जुळे सोलापुरात ६० बाय ७५ फुटांचा प्लॉट, त्यावर १९९८ साली बांधलेला तळमजला अधिक एक असा बंगला. मागं भिंतीपर्यंत २४ फूट मोकळी जागा. मुलगा नातवंडांना घेऊन कायमचा परत येतोय, म्हणून मागच्या अंगणात ८ मीटर बाय ४ मीटरचा पोहण्याचा टँक करायचाय. ठेकेदार म्हणतो, "खड्ड्याला कुठं परवानगी लागती साहेब? वर काय बांधायलोच नाही की आपण." त्याचं खरं धरावं का?

धरू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात जमिनीत, जमिनीवर आणि जमिनीखाली केलेलं बांधकाम, स्थापत्यकाम, खोदकाम असं सगळं येतं. ठेकेदाराला 'जमिनीवर' तेवढं ऐकू आलंय. त्याच कायद्याच्या कलम ५२ खाली विनापरवाना विकासाला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन ते पाच हजारांचा दंड लिहिलाय. पाच हजार वाचून लोक हसतात. पण खरा त्रास कलम ५३ च्या नोटिशीचा असतो. 'पूर्ववत करा' असं तिच्यात लिहिलेलं असतं आणि टाइल्स लावलेला टँक पूर्ववत करणं म्हणजे तो फोडून मुरमानं भरणं. ती नोटीस तुमच्या नावानं येते, ठेकेदाराच्या नाही.

आता दिलासा. टँकची परवानगी ही मुळात सोपी परवानगी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत 'आच्छादित क्षेत्रा'ची व्याख्या आहे. बाग, विहीर, कारंजं, झाडाभोवतीचा पार यांच्यासोबत जलतरण तलावही तिथं आच्छादित क्षेत्रातून वगळलाय. अट एकच, त्यावर छप्पर नको. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीचा, कलही तोच आहे. तेव्हा उघडा टँक तुमचा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण, खात नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला टेकला की मालकाला टँकवर पत्र्याची शेड सुचते, आणि तिथं सगळं बिघडतं. खांब रोवून छप्पर घातलं की ते बांधकाम झालं, एफएसआय मोजला जाणार, सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर, मोडलं जाणार. सावली हवीच असेल तर गुंडाळता येणारं कापड लावा, आणि नकाशात शेड दाखवूही नका, पुढं बांधूही नका. पंप आणि फिल्टरची खोलीही मला मागच्या सामासिक जागेत नको असते. मी ती शक्यतो जिन्याखाली नाहीतर आधीच मंजूर असलेल्या एखाद्या खोलीत बसवतो.

मग फाईल अडते कुठं? घरात. सत्तावीस वर्षं मी हे नकाशे काढतोय. टँकसाठी नामंजूर झालेली फाईल माझ्या हातून फारशी गेलेली नाही, पण टँकच्या निमित्तानं घराचं उघडं पडलं आणि मालकानं डोक्याला हात लावला, असं कैक वेळा झालंय. कारण टँकचा अर्ज सुटा नसतो. तो आधी मंजूर झालेल्या इमारतीच्या आवारातला वाढीव विकास असतो. नकाशावर प्लॉटची हद्द, उभं असलेलं घर, चारी बाजूंची अंतरं आणि नवीन काम लाल रंगात, असं सगळं दाखवावं लागतं. अभियंता जागेवर टेप घेऊन येतो तेव्हा तो टँकची जागा दोन मिनिटं बघतो आणि उरलेला अर्धा तास घर बघतो.

म्हणून टँकवाल्याला भेटायच्या आधी कपाट उघडा. १९९८ चा मंजूर नकाशा आणि बांधकाम परवाना सापडतोय का? त्यानंतर वापर परवाना, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र, घेतला होता का? दहांतल्या सात-आठ घरी याचं उत्तर 'लाईट आली, नळ आला, टॅक्स लागला, मग वापर परवाना कशाला?' असं असतं. टॅक्सची पावती म्हणजे वापर परवाना नव्हे. अनधिकृत बांधकामालाही महापालिका कर लावते, तेवढ्यानं ते अधिकृत होत नाही. नकाशा सापडला की त्यावरचं घर आणि उभं घर शेजारी ठेवून बघा. वडिलांनी मागं काढलेली न्हाणी, बाजूच्या अंतरात टाकलेला पत्रा, पोर्चवर चढवलेली खोली. यातलं जे नियमात बसतं ते त्याच अर्जात दाखवून शुल्क भरून नियमित करता येतं. जे बसत नाही ते नकाशात पिवळ्या रंगात, म्हणजे पाडायचं म्हणून दाखवा आणि खरंच पाडा. लपवू नका. न्हाणी लपवून टँकची परवानगी मिळवलेला माणूस पुढं शेजाऱ्याच्या एका तक्रार अर्जापुरता सुरक्षित असतो.

दुसरा कागद जमिनीचा. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत कितीतरी वसाहती गुंठेवारीच्या, म्हणजे ले-आऊट मंजूर न करता गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरच्या, आहेत. तुमचा प्लॉट मंजूर ले-आऊटमधला असेल, बिनशेती आदेश असेल आणि उताऱ्यावर तुमचं नाव असेल तर प्रश्नच नाही. गुंठेवारीचा असेल तर आधी तो गुंठेवारी अधिनियमाखाली नियमित झालाय का ते बघा. २००१ चा तो कायदा मूळचा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या कामांसाठी होता, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आली. नियमितीकरणाचा दाखला नसेल तर टँकचं नाव वर्षभर काढू नका, आधी तेवढं एकच काम उरका. यासोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, खरेदीखत, मोजणीचा नकाशा आणि चालू वर्षाची कराची पावती लागते. मोजणीवर मी अडून बसतो. कंपाउंड वॉल म्हणजेच हद्द असं आपण समजून चालतो, आणि मोजणीदार आला की भिंत दीड फूट शेजाऱ्यात निघते, नाहीतर शेजारी आपल्यात.

अर्ज तुम्ही स्वतः करायचा नसतो. नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याच्या सहीनं तो जातो, शासनाच्या बीपीएमएस या ऑनलाइन प्रणालीतही लॉगिन त्याचंच असतं. सोबत संरचना अभियंत्याचा दाखला लागतो. शुल्काचे आकडे मी मुद्दाम इथं देत नाही. ते रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी मूल्याच्या, दराशी बांधलेले असतात आणि ते दर १ एप्रिलला बदलू शकतात. छाननी शुल्क, विकास शुल्क आणि अनामत एवढं धरून चाला. बांधकाम कामगार उपकर खर्चाच्या एक टक्का असतो, पण स्वतःच्या राहत्या घराचं काम कायद्यात ठरवलेल्या रकमेच्या आतलं असेल तर तो लागू होत नाही. एवढं लक्षात ठेवून अंदाजपत्रक लावा.

कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, यालाच मानीव परवानगी म्हणतात. काही लोक एकसष्टाव्या दिवशी जेसीबी बोलावतात. मी कधी बोलावला नाही आणि तुम्हीही बोलावू नका, कारण प्रस्ताव नियमांशी तंतोतंत जुळत असेल तरच ती मानीव ठरते आणि तो जुळतो की नाही यावर पुढं वाद होतो. शिवाय मध्ये 'त्रुटी' निघाल्या की दिवसांचा हिशेब बदलतो. त्रुटीपत्र आलं की चार दिवसांत उत्तर द्या. बहुतेक फाईली महापालिकेत पडून नसतात, मालकाच्या टेबलावर त्रुटीपत्राखाली पडून असतात. मिळालेला परवाना एक वर्ष चालतो आणि दरवर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत नेता येतो.

आता तुमच्या २४ फुटांकडं येऊ, कारण कागदावर बसणारा टँक अंगणात बसेलच असं नाही. उथळ बाजूला ०.९ आणि खोल बाजूला १.६ मीटर पाणी ठेवायचं म्हटलं तर तळाचा स्लॅब, त्याखालचा साध्या काँक्रीटचा थर (पीसीसी) आणि वरची मोकळी पट्टी धरून खड्डा खोल बाजूला साडेसहा फुटांच्या पुढं जातो. नियम साधा आहे: कुठल्याही पायाच्या तळापासून ४५ अंशात खाली तिरपी रेषा काढा, खड्डा त्या रेषेत घुसता कामा नये. कंपाउंड वॉलचा पाया दोन फूट खोल असेल तर खड्ड्याची कड त्यापासून किमान साडेचार फूट लांब हवी. घराचा पाया पाच फूट असेल तर तिथं दीड-दोन फूट पुरतात, पण फूटिंग, म्हणजे पायाचा खालचा रुंद भाग, भिंतीबाहेर आलेलं असतं ते त्यात मिळवा. उरलेल्या जागेत टँकच्या भिंती आणि शटरिंगवाल्याला उभं राहायची जागा. चार मीटर रुंदी कशीबशी बसेल, पण काठानं चालायला आणि ओल्या पायानं उभं राहायला जागा राहणार नाही.

आणि हे सगळं कडक मुरमाचं गणित झालं. आपल्याकडं वरचे तीन-चार फूट काळी माती असते, काही प्लॉटवर त्याहून जास्त. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एकदा होटगी रोडच्या बाजूला एका मालकानं माझं न ऐकता मेच्या शेवटी खड्डा काढला. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि शेजाऱ्याची चाळीस फूट भिंत रात्रीत खड्ड्यात आली. भिंतीखाली कुणी माणूस सापडला नाही हे नशीब. भिंत बांधून दिली, तरी दोन्ही घरांत आजही बोलणं नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: फाईल पावसाळ्यात, खोदाई दिवाळीनंतर, गड्ड्याची जत्रा (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) संपेपर्यंत काँक्रीट. काळी माती पूर्ण काढायची, बाजूंनी मुरूम भरून दाबायचा, टँक आरसीसीचाच करायचा. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० ही संहिता आहे, तिच्यात आरसीसीला किमान एम ३० ग्रेड सांगितली आहे. विटांच्या भिंती आणि आत वॉटरप्रूफिंग, असला स्वस्तातला टँक काळ्या मातीत तिसऱ्या वर्षी चिरतो. पावसाळ्यात टँक रिकामा ठेवायचा नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा. बाहेर पाणी चढलं आणि आत काही नसलं तर अख्खा टँक होडीसारखा वर उचलला जातो.

गच्चीवर करू का, असा उपप्रश्न नेहमी येतो म्हणून सांगतो. सव्वा मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साडेबाराशे किलो. वावरासाठीच्या गच्चीचा स्लॅब साधारण दीडशे किलोच्या वापरभारासाठी काढलेला असतो. १९९८ च्या घरावर नाही म्हणजे नाही.

खोदलेल्या मातीचं कुणी बोलत नाही. तुमच्या मापाच्या टँकला काम करायची जागा धरून ऐंशी घनमीटरच्या आसपास खोदाई होते, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि सुटी झाल्यावर ती आणखी फुगते. त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर गोष्ट वेगळी. पण मुरूम आणि डबर टिपरमधून बाहेर निघालं की गौण खनिजाचा विषय येतो. रॉयल्टी भरून तहसीलची वाहतुकीची परवानगी आधी घ्या. नाहीतर टिपर रस्त्यात अडवला जातो आणि दंड मुरमाच्या किमतीला लाजवतो. खाली काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावा. वस्तीत सुरुंगाचा विचारसुद्धा नको. मागं कडुनिंब असेल तर तो तोडायला १९७५ च्या वृक्ष अधिनियमाखाली वेगळी परवानगी लागते. ठेवलात तर रोज जाळीनं पानं काढावी लागतील.

आता पाणी. याच मुद्द्यावर मी निम्म्या लोकांना टँकपासून परावृत्त केलंय. ८ बाय ४ बाय सरासरी सव्वा मीटर म्हणजे चाळीस हजार लिटर, दहा हजारी चार टँकर. ते एकदाच भरायचं असतं, फिल्टर चालू असेल तर बदलावं लागत नाही. पण उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर पाणी नुसतं वाफेनं उडतं. ३२ चौरस मीटरला ते ३२० लिटर होतं. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी माप १३५ लिटर आहे, तेव्हा तुमचा टँक रोज दोन-अडीच माणसांचं पाणी हवेत सोडणार. आणि आपल्याकडं नळ काही दिवसांआड येतो, तेही उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी. मी अर्जासोबत मालकाचं हमीपत्र जोडतो, की टँकसाठी नळाचं पाणी वापरणार नाही, बोअरचं किंवा टँकरचं वापरेन. मागितलं नसलं तरी जोडतो. अधिकाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न तोच असतो, तो त्यानं विचारण्याआधीच उत्तर समोर असलेलं बरं. बोअरचं पाणी आपल्याकडं जड असतं, टाइल्सवर पांढरी खपली धरते, त्याचा खर्च वेगळा धरा. पाऊसपाणी संकलन ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला सक्तीचं आहे. तुमचा ४१८ भरतो, म्हणजे सक्ती नाही, तरी छताचं पाणी बोअरभोवती मुरवा. टँक करणाऱ्यानं एवढं करावं असं मला वाटतं, मग फाईलवरही ते बरं दिसतं.

म्हणून माझा सल्ला: टँक ७ बाय ३ मीटरचा करा, खोल बाजू १.२ आणि सरासरी १.१. पाणी तेवीस हजार लिटरवर येतं, वाफ रोजची दोनशे दहावर. खड्डा फूटभर उथळ होतो, भिंतीपासूनचं अंतर सुटतं आणि नातवंडांचे पाय तळाला टेकतात. रात्री वर आच्छादन ओढलं तर वाफ आणखी कमी होते. पोहण्याचा व्यायाम तुम्हाला स्वतःला करायचा असेल, तर खरं सांगू का, महापालिकेच्या तलावावर पास काढा, सात मीटरच्या टँकात हात मारेपर्यंत भिंत येते.

फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं पाणी कुठं जाणार, हे नकाशावर दाखवा. क्लोरीनचं पाणी पावसाळी गटारात किंवा शेजाऱ्याच्या बाजूला सोडता येत नाही. तुमच्या रस्त्याला ड्रेनेज लाइन असेल तर चेंबरमध्ये, मधे हवेचं अंतर ठेवून सोडा. लाइन नसेल आणि घर सेप्टिक टँकवर असेल तर त्यात मुळीच सोडू नका, तिथले जिवाणू मरतात आणि महिन्याभरात वास सुटतो. क्लोरीन उडू दिलेलं पाणी झाडांना चालतं.

वरून महावितरणची तार जातेय का तेही बघा. ११ केव्हीची लाइन असेल तर नियमातलं अंतर सुटत असलं तरी मी त्याखाली टँक काढत नाही, कारण पानं काढायच्या जाळीचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि बारा फूट लांब असतो. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. तळाला पाणी ओढणारी तोंडं दोन ठेवा, एकमेकांपासून मीटरभर लांब, म्हणजे एकावर लेकराचं अंग आलं तरी ते चिकटून राहत नाही. भोवती चार फुटी कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक. घरगुती टँकला हे कुणी तपासायला येत नाही, पण ज्या घरी चार वर्षांचं मूल आहे तिथं कुंपणाशिवायच्या नकाशावर मी सही करत नाही.

काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला जोडून सुधारित भोगवटा प्रमाणपत्र घ्या. पुढं घर विकताना किंवा कर्ज काढताना बँकेचा माणूस टँक बघतो आणि कागद मागतो. टँक बंद ठेवायचा असेल तर हिरवं पाणी साचू देऊ नका. डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होते आणि मलेरिया विभागाची नोटीस त्याच्या मागोमाग येते. आणि मुलाच्या मित्रांनी सुचवलं म्हणून शनिवार-रविवार तासावर भाड्यानं देऊ नका. तुमची परवानगी राहत्या घराची आहे, पैसे घेतले की वापर बदलला. शहराबाहेर फार्महाऊसवर तसं करणारे बरेच आहेत. तिथं तर नुसता ग्रामपंचायतीचा दाखला हातात असतो, आणि गावठाणाबाहेर तो बांधकाम परवाना होत नाही.

येताना १९९८ चा नकाशा, उतारा आणि मोजणीचा कागद घेऊन या. मोजणी झाली नसेल तर आजच अर्ज टाका, तिला लागणारा वेळ माझ्या हातात नाही.